कीपॅडवरून दिवे लुकलुकवताना: आधी दिवे, मग बटणं, शेवटी दोन्ही

डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की माझ्या टेबलावर एकाच तक्रारीचे बोर्ड येऊन पडतात. "सर, सगळं जोडलंय, कोडपण टाकलाय, पण काहीच होत नाही." घोळ त्या 'सगळं'मध्येच असतो. दिवे, कीपॅड आणि कोड एकाच दुपारी एकत्र आणले की चूक तारेत आहे, बटणात आहे की कोडमध्ये, हे कोणालाच सांगता येत नाही. मग पोरं तार हलवून बघतात, कोड बदलून बघतात, आणि जे बरोबर होतं तेही बिघडवून ठेवतात.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक तपासणी दिली आहे. ती झाल्याशिवाय पुढची तार हातात घ्यायची नाही.

तयार कोड इथे देत नाही. कोडचा सांगाडा मराठीत देतो. तो आधी वहीत उतरवा, मग सी भाषेत लिहा. चिकटवलेला कोड चालतो तोवर ठीक, पण बंद पडला की तो चिकटवणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही.

## काय बनवायचं आहे

आर्डुइनो उनो (आपला कोड चालवणारा छोटा बोर्ड), सोळा बटणांचा मेंब्रेन, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पडद्याचा, कीपॅड आणि चार एलईडी. १ ते ४ यातलं बटण दाबलं की त्या क्रमांकाचा दिवा लुकलुकायला लागेल, पुन्हा दाबलं की थांबेल. ए दाबलं की शेवटी निवडलेल्या दिव्याचा वेग दुप्पट, बी दाबलं की निम्मा. चांदणी (*) दाबली की सगळे बंद. बाकीची बटणं सध्या रिकामी.

हे वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा. "दिवे लुकलुकले पाहिजेत" एवढंच डोक्यात ठेवून बसलात, तर चौथा दिवा चालू असताना पहिला दाबल्यावर नेमकं काय व्हायला हवं, हे कोड लिहिताना ठरवत बसाल.

## १. सामान आणि त्याची तपासणी

उनो बोर्ड, त्याची यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड (तारा नुसत्या खोचून जोडायची छिद्रांची पाटी), चार एलईडी, ३३० ओहमचे चार रेझिस्टर, कीपॅड, जंपर वायर आणि मल्टीमीटर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. मल्टीमीटर स्वस्तातला चालेल, पण हवाच. त्याच्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात सुई ओवणं.

घरी आल्यावर तीन गोष्टी बघा.

केबल: मोबाईल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलमध्ये फक्त वीज जाते, डेटाच्या तारा नसतातच. बोर्डवरचा दिवा लागतो म्हणून केबल चांगली, असं समजू नका. मी स्वतः एकदा अर्धी संध्याकाळ ड्रायव्हर बदलण्यात घालवली आणि शेवटी दोष केबलचा निघाला. केबल लावल्यावर संगणकावरच्या आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये टूल्स मेनूत नवीन पोर्ट दिसला पाहिजे. दिसत नसेल तर आधी केबल बदला. मग बोर्डवर यूएसबीची जोडणी सांभाळणारी सीएच३४० चिप आहे का बघा. स्वस्त बोर्डांवर ती बहुधा असते आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

रेझिस्टर: ३३० ओहमचे पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. तिसरा पट्टाही नारिंगी असेल तर तो ३३ हजार ओहमचा आहे. त्यावर एलईडी इतका मंद लागतो की तुम्हाला तो बंदच वाटेल. पाच पट्ट्यांचा असेल तर रंग वाचत बसू नका, सरळ मीटरवर मोजा.

ब्रेडबोर्ड: लांब ब्रेडबोर्डवर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या कधी कधी मध्यावर तुटलेल्या असतात. वरून रेघ अखंड दिसली तरी मीटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावून बघा. बीप आली नाही तर मध्ये एक छोटी तार टाका.

## २. फक्त दिवे जोडा

यूएसबी काढलेली असताना जोडणी करा. तार बदलताना दर वेळी यूएसबी काढायची. उनोवर ५०० मिलीअँपचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज आहे, पण तो संगणकाच्या पोर्टच्या रक्षणासाठी, तुमच्या घाईसाठी नाही.

पहिला दिवा पिन १० वर, दुसरा ११ वर, तिसरा १२ वर, चौथा ए० वर. ए० अ‍ॅनालॉग पिन असली तरी साधी आउटपुट म्हणूनही चालते. १३ मुद्दाम सोडली. तिच्यावर बोर्डचा स्वतःचा एलईडी आहे आणि बोर्ड रीसेट होताना तो लुकलुकतो, मग आपला कोड चालतोय की बोर्ड सुरू होतोय, ते कळत नाही. ० आणि १ या पिनांना तर हातच लावू नका. अपलोड आणि सिरियल मॉनिटर (बोर्डने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणारी खिडकी) दोन्ही त्यांच्यावरून चालतात. तिथे कीपॅड जोडलेला असेल तर अपलोड करताना 'नॉट इन सिंक'चा लाल मजकूर येतो आणि माणूस बोर्ड जळाला समजून बाजारात जातो.

प्रत्येक दिव्याचा मार्ग असा: पिन, तिथून रेझिस्टर, रेझिस्टरपासून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट ३३० ओहमवर, म्हणजे करंट ९ मिलीअँप. उनोच्या पिनमधून २० मिलीअँपपर्यंत घेणं सुरक्षित. ४० ही चिपची कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत रोज जायचं नसतं.

चूक: चारही एलईडींना मिळून एकच रेझिस्टर. एक दिवा लागला की छान, दुसरा लागला की दोघेही मंद. लाल आणि निळा एकत्र असतील तर लाल सगळा करंट ओढून घेतो आणि निळा लागतच नाही. प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या.

तपासणी, कोडशिवाय: पिन १० मधली तार काढून ५ व्होल्टच्या छिद्रात लावा आणि यूएसबी जोडा. दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर एलईडी उलटा आहे किंवा पाय शेजारच्या रांगेत गेलाय. चारही दिवे असे बघून तारा परत जागेवर लावा.

तपासणी, कोडसह: चार पिना आउटपुट करा आणि दिवे एकामागून एक अर्धा-अर्धा सेकंद लावा. या चाचणीपुरता डिले (ठरावीक वेळ थांबायची आज्ञा) वापरायला हरकत नाही. क्रम १, २, ३, ४ असाच दिसला पाहिजे. १, ३, २, ४ दिसत असेल तर आत्ताच सुधारा, नाहीतर पुढे त्याचा दोष कीपॅडवर जाईल.

## ३. कीपॅडच्या पिना ओळखा

कीपॅडच्या पट्टीतून आठ तारा बाहेर येतात, चार आडव्या ओळींच्या आणि चार उभ्या स्तंभांच्या. बटण दाबलं की एक ओळ आणि एक स्तंभ जोडले जातात. आत एवढंच असतं, ना चिप ना वीज.

बटणं समोर आणि पट्टी खाली धरली तर डावीकडून पहिल्या चार ओळी आणि पुढचे चार स्तंभ, असं बहुतेक कीपॅडमध्ये असतं. 'बहुतेक'वर विसंबू नका, पाच मिनिटं मोजा.

मीटर बीपवर नको, ओहमवर ठेवा. मेंब्रेन कीपॅडच्या आतल्या रेघा वाहक शाईच्या असतात, त्यांचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त. त्यामुळे बटण चांगलं असूनही बझर कधी कधी वाजत नाही आणि माणूस कीपॅड मेला म्हणून फेकून देतो. ओहमवर आकडा दिसला म्हणजे झालं.

आता १ दाबून ठेवा आणि कोणत्या दोन पिनांमध्ये आकडा येतो ते शोधा. मग २ दाबा. दोन्ही वेळा आलेली पिन पहिल्या ओळीची. मग ४ दाबा. १ आणि ४ दोन्हींमध्ये आलेली पिन पहिल्या स्तंभाची. असं करत आठही पिना कागदावर लिहा.

ओळी बोर्डच्या ९, ८, ७, ६ वर आणि स्तंभ ५, ४, ३, २ वर जोडा.

## ४. कीपॅड एकटाच वाचा

दिव्यांच्या कोडला अजून हात लावायचा नाही. नवीन फाइल उघडा. त्यात फक्त बटण वाचून सिरियल मॉनिटरवर त्याचं नाव छापायचं.

तयार कीपॅड लायब्ररी आहे आणि ती चांगली आहे. पण पहिल्यांदा स्वतः लिहा, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. सांगाडा असा:

सुरुवातीला एकदाच: चारही ओळी साध्या इनपुट. चारही स्तंभ इनपुट-पुलअप.
मग प्रत्येक वाचनाच्या सुरुवातीला मोजणी शून्य करा.
प्रत्येक ओळीसाठी:
— ती ओळ आउटपुट करून लो (० व्होल्ट) करा.
— १० मायक्रोसेकंद थांबा.
— चारही स्तंभ वाचा. जो लो असेल त्याचं बटण लिहून ठेवा आणि मोजणी एकने वाढवा.
— ती ओळ परत साधी इनपुट करा.
मोजणी नेमकी एक असेल तर ते बटण सांगा. नसेल तर 'काही नाही' सांगा.

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे, पण तीन ठिकाणी लोक हमखास गडबडतात.

पहिलं, पुलअप. स्तंभ नुसते इनपुट ठेवले तर ते अधांतरी राहतात. गेल्या वर्षी एका मुलीचा कीपॅड तिने हात जवळ नेला की आपोआप आकडे छापायचा. वर्गात त्याचं नाव 'भूत' पडलं. कोडमध्ये इनपुट होतं, इनपुट-पुलअप नव्हतं. तो एक शब्द बदलला आणि भूत उतरलं. चिपच्या आत २० ते ५० हजार ओहमचा रेझिस्टर असतो, तो स्तंभाला वर धरून ठेवतो. बाहेरून वेगळा लावायची गरज नाही. उलटा अर्थ मात्र लक्षात ठेवा: न दाबलेलं म्हणजे हाय, दाबलेलं म्हणजे लो.

दुसरं, काम झाल्यावर ओळ परत इनपुट करणं. बरेच जण चारही ओळी कायम आउटपुट ठेवतात आणि आळीपाळीने हाय-लो करतात. एका वेळी एकच बटण दाबलं तर चालतं. एकाच स्तंभातली दोन बटणं एकत्र दाबली की हाय पिन आणि लो पिन थेट एकमेकांना भिडतात. मेंब्रेनचा रोध वाचवेल कदाचित, पण टॅक्टाइल (टक्कन दाबल्या जाणाऱ्या, धातूच्या संपर्काच्या) स्विचचा कीपॅड असेल तर पिन जायची भीती आहे.

तिसरं, 'नेमकी एक'. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं, समजा १, २ आणि ४, एकत्र दाबली तर करंट वळसा घेऊन जातो आणि न दाबलेलं ५ सुद्धा दाबल्यासारखं वाचलं जातं. आपल्याला एकत्र बटणं नकोच आहेत, म्हणून एकापेक्षा जास्त दिसली की सरळ दुर्लक्ष करायचं.

तपासणी: सोळाही बटणं क्रमाने दाबा. चुकीचं नाव आलं तर खालच्या यादीवरून निदान करा, तारा उपटू नका.

१ दाबल्यावर ए आलं: स्तंभांचा क्रम उलटा.
१ दाबल्यावर चांदणी आली: ओळींचा क्रम उलटा.
१ दाबल्यावर डी आलं: दोन्ही उलटे.
१ बरोबर, पण २ दाबल्यावर ४ आलं: ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल झालीय.
एक अख्खी ओळ किंवा स्तंभ गप्प: ती एक तार सैल.
मॉनिटरवर नुसता कचरा: कोडमधला वेग आणि मॉनिटरमधला वेग वेगळे. दोन्हीकडे ९६०० ठेवा.

पहिल्या चार प्रकारांत तार हलवायची नाही. कोडमधल्या पिनांच्या यादीचा क्रम बदला, झालं.

## ५. एका दाबण्याचा एकच आकडा

आत्ता बटण दाबून धरलं तर मॉनिटरवर १११११११ असा पूर वाहत असेल. तो बरोबरच आहे, कारण लूप (कोडचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) सेकंदाला शेकडो वेळा कीपॅड वाचतोय. हा पूर दिव्यांना जोडला तर दिवा एका दाबण्यात शेकडो वेळा चालू-बंद होईल आणि शेवटी कोणत्या बाजूला थांबेल ते नशिबावर.

त्यात भर बटणाच्या उसळीची. संपर्क एका झटक्यात बसत नाही, काही मिलिसेकंद थरथरतो. त्यावर लोकांचा लाडका उपाय म्हणजे बटण दिसलं की २०० मिलिसेकंद डिले. तो करू नका. तेवढा वेळ दिवेही गोठतात, आणि बटण धरून ठेवलं तर २०० मिलिसेकंदांनी पुन्हा तेच.

दर १० मिलिसेकंदांनी एकदाच कीपॅड वाचा आणि प्रत्येक वाचनानंतर:

वाचलेलं बटण मागच्या वेळेपेक्षा वेगळं असेल तर मोजणी शून्य करा आणि 'मागचं' म्हणून हे लिहून ठेवा.
तेच असेल तर मोजणी एकने वाढवा.
मोजणी तीन झाली आणि हे बटण 'पक्क्या' बटणापेक्षा वेगळं असेल तर पक्कं बटण बदला.
नवीन पक्कं बटण 'काही नाही' नसेल, तरच "बटण दाबलं" असं एकदा कळवा.

'काही नाही' हीसुद्धा एक अवस्थाच आहे. ती पक्की व्हायलाही पहिल्यानंतर आणखी तीन वाचनं लागतात, म्हणून सोडतानाची उसळही याच नियमात गाळली जाते.

तपासणी: ५ हे बटण दहा वेळा दाबा, कधी हळू, कधी भरभर, एकदा तीन सेकंद धरून. मॉनिटरवर नेमके दहा ५ आले पाहिजेत. अकरा आले तर पुढे जाऊ नका.

## ६. डिलेशिवाय लुकलुक

आता दिव्यांची फाइल उघडा आणि त्यातला डिले पुसा. डिले म्हणजे चिपने डोळे मिटून उभं राहणं. तेवढ्यात कोणी बटण दाबलं तर ते तिला दिसतच नाही. "सर, कधी दाबलं की चालतं, कधी नाही" या तक्रारीमागे जवळपास नेहमी हाच असतो.

त्याऐवजी प्रत्येक दिव्याच्या चार गोष्टी लक्षात ठेवा: तो सुरू आहे का, आत्ता पेटलेला आहे का, शेवटी कधी बदलला, आणि किती वेळाने बदलायचा. चार दिवे, म्हणून चार-चार खणांचे चार अ‍ॅरे. लूपच्या प्रत्येक फेरीत मिलिसकडून (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) वेळ विचारा. दिवा सुरू असेल आणि 'आत्ता वजा शेवटी' मुदतीइतकं किंवा जास्त असेल, तर दिवा उलटवा आणि 'शेवटी' बदला.

मुदत म्हणजे अर्धं चक्र, हे विसरू नका. मुदत ४०० असेल तर ४०० पेटलेला, ४०० विझलेला.

मोठी चूक, आणि ती लवकर दिसत नाही: 'शेवटी'चा अ‍ॅरे इंट (साधा पूर्णांक) प्रकारचा ठेवणं. उनोवर इंट ३२७६७ च्या पुढे जात नाही. बोर्ड सुरू झाल्यापासून साधारण ३३ सेकंद दिवे अगदी छान लुकलुकतात. सरांना दाखवायला बोलवता, ते येईपर्यंत दिवे लुकलुकायचे थांबून मंद, स्थिर जळत असतात. खरं तर ते लूपच्या प्रत्येक फेरीत उलटत असतात, डोळ्याला तेवढं दिसत नाही. अ‍ॅरे अनसाइन्ड लाँग (मोठा, उणे नसलेला पूर्णांक) करा. मग मिलिस ४९ दिवसांनी पुन्हा शून्यावर आलं तरी वजाबाकी बरोबर येते.

तपासणी: चारही दिव्यांना १००, २००, ४००, ८०० अशा वेगळ्या मुदती देऊन पूर्ण एक मिनिट बघत बसा. घड्याळ लावून. कंटाळा येतो, तरी बसा.

## ७. आता दोन्ही एकत्र

इथवर आलात तर उरलेलं काम थोडं आहे. कीपॅडची फाइल आणि दिव्यांची फाइल एक करा. लूपमध्ये तीनच कामं: १० मिलिसेकंद झाले असतील तर कीपॅड वाचा, बटण कळलं असेल तर दिव्यांची स्थिती बदला, मग दिवे चालवा. कुठेही डिले नाही. कीपॅडमधले १० मायक्रोसेकंद चालतात.

बटणाला काय उत्तर द्यायचं तिथे पुढच्या चुका होतात.

बटण '१' हे अक्षर आहे, आकडा नाही. त्याची किंमत ४९. सरळ अ‍ॅरेच्या खणासाठी वापरलंत तर चार खणांच्या अ‍ॅरेत पन्नासावा खण शोधाल. सी तक्रार करत नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी व्हेरिएबलवर लिहून मोकळी होते. मग बोर्ड रीसेट होतो किंवा भलताच दिवा लागतो. बटणातून '१' हे अक्षर वजा करा, खण शून्यापासून तीनपर्यंत बरोबर येईल.

दिवा थांबवताना 'सुरू नाही' एवढंच लिहून भागत नाही. त्या क्षणी तो पेटलेला असेल तर पेटलेलाच राहतो. पिन लो करा आणि 'पेटलेला' हेही खोटं करा. चांदणीच्या बटणातही हेच, चारही दिव्यांसाठी.

सुरू करताना दिवा लगेच पेटवा आणि 'शेवटी'त आत्ताची वेळ लिहा. नाहीतर जुनी वेळ शिल्लक राहते आणि पहिली उघडझाप वेडीवाकडी होते.

ए आणि बी मुदत निम्मी-दुप्पट करतात, त्याला १०० आणि १६०० ची वेस घाला. वेस नसेल तर ए सात-आठ वेळा दाबल्यावर मुदत इतकी लहान होते की दिवा स्थिर वाटतो. दहाव्या वेळेपर्यंत ती शून्यावर येते. शून्याची दुप्पट शून्यच, मग बी दाबूनही परत येता येत नाही.

'शेवटी निवडलेला दिवा' सुरुवातीला पहिलाच ठेवा. उणे एक ठेवून कोणी आधीच ए दाबलं तर पुन्हा तोच अ‍ॅरेबाहेरचा खेळ.

## शेवटची चाचणी

बोर्ड रीसेट करा. कोणतंही आकड्याचं बटण दाबण्याआधी ए दाबा: काहीही विचित्र होता कामा नये. १ ते ४ दाबा, चारही लुकलुकू द्या. मग बी दोनदा: फक्त शेवटी निवडलेला दिवा संथ व्हायला हवा. आता शेवटी निवडलेला कोणता, ते आधी कागदावरच्या वाक्यात बघा. बीच्या आधी ३ पुन्हा दाबलंत, तर तो दिवा थांबलाही, आणि निवडलेलाही तोच. हे पटत नसेल तर आधी वाक्य बदला, मग कोड. १, २ आणि ४ एकत्र दाबा: एक-दोन दिवे बदलतील, कारण बोटं कधीच एका क्षणी पडत नाहीत, पण मॉनिटरवर ५ येता कामा नये. दिवे सुरू ठेवून दोन मिनिटं चहा घेऊन या. परत आल्यावर ते तसेच लुकलुकत असतील, तर चांदणी दाबा आणि चारही विझतात का ते बघा.